खांबाचा टोप

मित्रांनो, मी टोप आहे. जुना आहे, पण तुरा अजून झडलेला नाही. लढाईत गोळ्या झेलणारे लोखंडी टोप माझे दूरचे भाऊबंद. मी मिरवण्याचा टोप. सलामीला, संचलनाला आणि मोठ्या फाटकाबाहेरच्या पहाऱ्याला मला डोक्यावर चढवत. आता मी एका दातांच्या डॉक्टरांच्या घरी वरच्या मजल्यावर फळीवर असतो. मला बघायला येणारे लोक मला हातात घेतात आणि म्हणतात, "बराच जड आहे हो." जड मी नाही. त्याचीच गोष्ट तुम्हाला सांगायची आहे.

मला एका तुसड्या कारागिराने घडवले. त्याने बुचाचे पातळ थर एकावर एक चिकटवून माझा सांगाडा केला, त्यावर निळेशार लोकरी कापड, बनात, ताणून बसवले, कपाळावर पितळी बिल्ला लावला, डोक्यावर पितळेचा कळस बसवला आणि त्यात घोड्याच्या शेपटीच्या लाल केसांचा तुरा खोवला. अस्तर त्याची बहीण शिवायची. तिचा टाका जरा तिरका गेला तरी तो उसवायला लावायचा.

एकदा ती वैतागून म्हणाली, "आतली पोकळी कोण बघायला येतंय?"

"जो घालेल तो," कारागीर म्हणाला. "बाहेरून टोप जगाचा असतो. आतून तो एकाच माणसाचा."

तो एक माणूस लवकरच आला. उंच, सडपातळ, लांब मानेचा शिपाई. पलटणीत त्याला सगळे खांब म्हणत. एकदा उभा राहिला की हलायचे नाव नाही, म्हणून. कारागिराने कागदाची पट्टी त्याच्या डोक्याभोवती गुंडाळून माप घेतले होते. मी त्याच्या डोक्यावर बसलो आणि मला वाटले, मी याच्यासाठीच जन्माला आलो.

खांबाची नेमणूक मोठ्या सरकारी इमारतीच्या फाटकावर होती. तिथे कपाटाएवढी एक उभी लाकडी चौकी होती. तिच्यात ताठ उभे राहायचे, हातात बंदूक, नजर समोर. बोलायचे नाही, हसायचे नाही, नाक खाजले तरी खाजवायचे नाही. फिरायला आलेली माणसे शेजारी उभी राहून फोटो काढून घेत. पोरे वेडावून दाखवत. कुणी त्याच्या तोंडापुढे बोट नाचवे. खांबाची पापणीसुद्धा जागची हलत नसे. लोक म्हणत, "पुतळा आहे की काय हा?" त्यांनी माझेही फार कौतुक केले. माझा तुरा वाऱ्यावर उडायचा तेव्हा तेवढीच एक गोष्ट त्या चौकीत जिवंत वाटायची.

खांबाने हलू नये यासाठी एक युक्ती शोधली होती. ती त्याने फक्त बायकोला सांगितली. मी तेव्हा खुंटीवर होतो.

"मी तिथे उभा नसतोच," तो बुटांच्या नाड्या सोडत म्हणाला. "शरीर ठेवतो चौकीत आणि मी टोपात जाऊन बसतो. आत अंधार असतो, गार असतं. माशी बसली तरी ती दुसऱ्या कुणाच्या तरी नाकावर बसल्यासारखी वाटते."

"आणि परत कसे येता?"

"बदलीचा शिपाई येतो ना. तो समोर उभा राहून म्हणतो, पहारा माझ्याकडे, तू मोकळा. ते ऐकलं की उतरतो."

बायकोने विचारले, "आणि तो आलाच नाही तर?"

"तो कसा येणार नाही? नोकरी आहे त्याची."

तो खोटे बोलत नव्हता, मित्रांनो. खांब खरोखर माझ्यात येऊन बसायचा. कळसाच्या खाली, अस्तराच्या अंधारात, गुडघे पोटाशी घेऊन. मला त्याचे वजन जाणवायचे. पाळी संपली की ते वजन हळूच खाली उतरायचे आणि मी हलका व्हायचो.

मग उन्हाळ्यातला एक दिवस आला. ऊन असे होते की पितळी बिल्ल्यावर कुणी बोट टेकवले असते तर फोड आला असता. फाटकापुढे गर्दी होती. खांब सकाळपासून माझ्यात बसला होता. दुपारच्या सुमाराला माझ्या खालचे कपाळ आधी घामाने भिजले, मग कोरडे पडले, मग गार झाले. भर उन्हात गार. मला काही उमगले नाही. चौकीची भिंत पाठीला होती, बंदूक हातात रुतली होती, हनुवटीचा पट्टा घट्ट होता. तो पडला नाही. लोक येतच राहिले. एका नव्या जोडप्याने त्याच्या शेजारी उभे राहून फोटो काढला. एका आजीबाईंनी त्याच्या बाहीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "किती गुणाचा पोरगा."

बदलीचा शिपाई आला. तो खांबाचा जिवलग जोडीदार, बुटका आणि गप्पिष्ट. तो टाचा जुळवून समोर उभा राहिला आणि खांबाच्या उत्तराची वाट बघू लागला. खांबाने "पहारा ठीक" म्हणायचे, मग याने ताबा घ्यायचा, अशी रीत होती. खांब गप्प. जोडीदार ओठ न हलवता कुजबुजला, "ए खांबा, भूक नाही का लागली?" मग त्याला दिसले की एक माशी खांबाच्या उघड्या डोळ्यावरून चालते आहे.

तो धावत गेला आणि माणसांना घेऊन आला. धावपळ झाली, गर्दी हटवली गेली, खांबाला आडवे केले. त्या सगळ्या गडबडीत पहारा घेण्याचे ते शब्द म्हणायचे राहून गेले. अधिकाऱ्याने माझा पट्टा सोडला, मला उचलले आणि तो थबकला. त्याने मला उलटे करून आत पाहिले. आत अस्तराशिवाय काहीच नव्हते. तरी त्याने मला दोन्ही हातांनी धरूनच गाडीत ठेवले.

खांबाला मूठमाती मिळाली आणि मी त्याच्या बायकोला मिळालो.

तिने मला दाराजवळच्या फळीवर ठेवले. पहिल्याच दिवशी तिने माझे तोंड खोलीकडे केले होते. सकाळी ते फाटकाच्या दिशेला वळलेले होते. मित्रांनो, मला पाय नाहीत. मी वळलो नाही. मला कुणीतरी आतून वळवले. मी घाबरलो होतो. तुम्ही म्हणाल, टोपाला कसली भीती? पण आपल्याच पोटात कुणी कूस बदलते आहे हे कळल्यावर कोण घाबरणार नाही?

बायको घाबरली नाही. तिने माझ्या आत हात घातला, बराच वेळ तसाच ठेवला आणि सावकाश बाहेर काढला. त्या दिवसापासून ती ताट वाढताना माझ्याकडे बघून म्हणायची, "अहो, जेवायला तरी उतरा." तो उतरला नाही. बदली झाल्याशिवाय तो उतरणार नव्हता, आणि बदली कशी करायची हे तिला ठाऊक नव्हते. ती म्हातारी होईपर्यंत त्याला बोलावत राहिली. ती गेल्यावर तिच्या भाचीने घर आवरले आणि मला जुन्या वस्तूंच्या दुकानात देऊन टाकले.

ते दिवस माझ्या हालाचे. काचेच्या खिडकीत मला एका फुटक्या दिव्यावर पालथे ठेवले होते. धुळीने तुरा चिकट झाला. दुकानवाली बाई जाता येता माझ्यावर आपली शाल टाकायची. एक बुटका म्हातारा मात्र काचेबाहेर येऊन उभा राहायचा. डोक्यावरची लोकरी टोपी काढायचा, माझ्याकडे बघायचा आणि लंगडत निघून जायचा. आत कधी आला नाही. तो आला की माझ्या आतले वजन पुढे झुकायचे.

डॉक्टरांनी मला त्या दुकानातून उचलले. ते स्वतः ठेंगणे, आयुष्यभर लोकांच्या तोंडात वाकून बघितल्याने पाठीला पोक आलेले. खाली त्यांचा दवाखाना आणि वर घर. पण त्यांचा खरा जीव होता वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत. तिथे जाड पडद्यांआड फळ्यांवर लाकडी डोकी मांडलेली होती आणि प्रत्येक डोक्यावर कुठल्या ना कुठल्या पलटणीचे मिरवण्याचे शिरोभूषण. अस्वलाच्या केसांची उंच टोपी, रेशमी गोंड्याची चपटी टोपी, चांदीच्या कडेची त्रिकोणी टोपी, पिसांचा झुपका असलेली टोपी. डॉक्टर सुती हातमोजे घालूनच त्यांना हात लावत. कसर लागू नये म्हणून कोपऱ्याकोपऱ्यात डांबराच्या गोळ्या ठेवत. त्यांचा एकच कडक नियम होता: टोपी जपायची, बघायची, पण स्वतःच्या डोक्यावर घालायची नाही. डोक्याचा घाम आणि तेल लागले की जुने अस्तर कुजते.

त्यांनी माझा तुरा कोमट पाण्याने धुतला आणि कंगव्याने विंचरला. कंगवा डॉक्टरांच्या बायकोचा होता.

"या घरात माझ्या केसांपेक्षा टोप्यांच्या केसांचे लाड जास्त," ती म्हणाली. ती शाळेत भूगोल शिकवायची. सगळे तिला बाई म्हणत, म्हणून मीही बाई म्हणतो. त्या खोलीला तिने नाव ठेवले होते, डोक्यांची खोली. तिथे ती सहसा पाय ठेवत नसे.

डॉक्टरांचा एक मित्र नेहमी यायचा. भरघोस मिशांमुळे त्याला सगळे कर्नल म्हणत. सैन्यात तो कधीच नव्हता. त्याचे पडद्यांच्या कापडाचे दुकान होते. त्यालाही टोप्यांचा नाद. त्याने मला हातात घेतले आणि भुवया चढवल्या. "हा मला दे आणि माझी पिसांची टोपी घे."

"त्याचं नाव काढू नकोस," डॉक्टर म्हणाले. "किती दिवसांनी असा एक मिळालाय."

मला वाटले, आता सोबत मिळाली. डॉक्टर दिवा मालवून गेल्यावर मी शेजारच्या टोप्यांना हाक मारली. कुणीच उत्तर दिले नाही. त्या खरोखर रिकाम्या होत्या. मग मला कळले की त्या खोलीत बोलणारा मी एकटाच आहे, आणि तेही कदाचित माझे नाही, आतल्या खांबाचे बोलणे आहे.

थोड्याच दिवसांत नवरा-बायकोत कुरबूर सुरू झाली.

"झाडताना टोपाचं तोंड का फिरवतेस?" डॉक्टरांनी विचारले.

"मी झाडतच नाही ती खोली. तुम्हीच फिरवत असाल आणि विसरत असाल."

डॉक्टरांनी फळीवर माझ्या कडेने खडूची रेघ ओढली आणि खोलीला कुलूप लावले. दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून कुलूप काढले. रेघ जागेवर होती. मी रेघेबाहेर, खिडकीकडे तोंड करून बसलो होतो. त्या दिशेला शहराच्या पार पलीकडे ते मोठे फाटक होते. बाईंनी डॉक्टरांच्या कोपराला धरले. डॉक्टरांनी हातमोजा काढून माझ्या आत बोट फिरवले.

"ओलं आहे," ते म्हणाले. "कपाळाची पट्टी ओली आहे."

"कशाने?"

डॉक्टरांनी बोट नाकाशी नेले. "घामाने."

"द्या तो टोप परत त्या दुकानवालीला," बाई म्हणाल्या. डॉक्टर हो म्हणाले. पण त्यांनी मला परत दिले नाही. जपणाऱ्या माणसाला वस्तू विचित्र निघाली की ती जास्तच प्यारी होते.

एका दुपारी दोन पेशंटांच्या मधल्या रिकाम्या वेळात ते वर आले आणि आरशासमोर उभे राहिले. त्यांनी आपले पोक पाहिले. मग मला उचलले आणि स्वतःचा नियम मोडून डोक्यावर ठेवले. खांबाचे डोके लांबट होते, यांचे गोल. माप जुळायला नको होते. ते जुळले. पट्टा हनुवटीखाली बसला आणि डॉक्टरांची पाठ कडकड वाजत सरळ झाली. आरशात एक ताठ माणूस उभा होता. डॉक्टर त्याच्याकडे बघतच राहिले.

मला मात्र वेगळेच जाणवले. माझ्या आत एकाचे दोन झाले.

संध्याकाळी बाई म्हणाल्या, "आज पाठ बरी दिसते तुमची."

"नवा व्यायाम सुरू केलाय," डॉक्टर म्हणाले.

मग तो व्यायाम रोजचाच झाला. आधी थोडा वेळ, मग जास्त. खाली पेशंट तोंड उघडून खुर्चीत आडवा आणि डॉक्टर वर आरशासमोर, पापणी न लववता उभे. खाली आले तरी पूर्ण खाली येत नसत. एकदा हातात अवजार धरून ते एका पेशंटच्या जबड्यावर वाकले आणि तसेच थांबले. तो पेशंट घाबरून खुर्चीतून उठला आणि गळ्यातल्या कापडासकट रस्त्यावर गेला. डॉक्टरांना चहात साखर किती लागते ते आठवेनासे झाले. उलट बुटांना चकाकी आणायला ते फडक्यावर थुंकू लागले, जे त्यांनी जन्मात केले नव्हते. जेवताना ते घास हातात धरून म्हणाले, "मला घरी जायचंय."

"घरीच आहात तुम्ही," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी सगळीकडे नजर फिरवली आणि नम्रपणे म्हणाले, "हे घर चांगलं आहे. पण हे नाही."

 बाईंनी मला कपाटात कोंडून किल्ली पदराला बांधली. डॉक्टरांनी कपाटाची मागची फळी उचकटून काढली.

शेवटी एका सुट्टीच्या सकाळी डॉक्टर आरशासमोर उभे राहिले ते परत आलेच नाहीत. बाईंनी हाका मारल्या, हलवले, चिमटा काढला. काही नाही. त्यांनी माझा पट्टा सोडून मला उचलले, तर डॉक्टर रिकाम्या कोटासारखे घसरून खाली बसले. डोळे उघडे, श्वास जेमतेम. घाबरून बाईंनी मला परत त्यांच्या डोक्यावर ठेवले. ते आपले आपण उठून ताठ उभे राहिले आणि श्वास नीट चालू लागला. 

त्यांनी कर्नलला बोलावले. तो आला, बघितले आणि त्याच्या मिशा थरथरल्या. पण पळाला नाही. स्टूल ओढून डॉक्टरांचा हात धरून बसला.

"हॉस्पिटलात नेऊ," तो म्हणाला.

"नेऊ. पण आधी हा टोप कुणाचा ते विचारून येते. तुम्ही यांचा हात सोडू नका."

पुढचे मी बाईंच्याच तोंडून नंतर ऐकले. दुकानवालीला माझ्याबद्दल फारसे ठाऊक नव्हते. "पण एक म्हातारा काचेतून बघायला यायचा," ती म्हणाली. "टोप विकला गेला त्या दिवशी रिकाम्या जागेकडेही बघत उभा होता. छत्र्या दुरुस्त करतो तो, बसथांब्याच्या मागे."

छत्रीवाला गुडघ्यावर छत्री आडवी धरून काडी बसवत होता. बाईंनी सगळे सांगितले. त्याने हातातले काम खाली ठेवले.

"उभे कसे आहेत तुमचे मालक? डावा खांदा जरा खाली?"

"हो."

"मग तो खांबच." छत्रीवाला म्हणाला. "बाई, मी त्याच्या बदलीला आलो होतो. तो मेलेला दिसला आणि माझ्या तोंडून शब्दच फुटला नाही. त्यानंतर पहारा कुणी घेतलाच नाही त्याच्याकडून. फाटकावर दुसरे शिपाई उभे राहिले, पण याला कुणी मोकळं केलं नाही."

"मग आता करा."

"करतो. पण एकदा घेतला की तो पहारा मलाच सांभाळावा लागणार."

"मी घेते तर?"

"तुम्हाला खांब देणार नाही. शिपाई शिपायालाच देतो." त्याने छत्री मिटली. "चला. माझा जिना जरा हळू होईल."

तो जिना चढून वर आला तेव्हा मला त्याची लंगडी चाल आधी ऐकू आली. माझ्या आतही ती ऐकू आली. आत दोघे होते, अगदी शेजारी शेजारी, गुडघे पोटाशी घेऊन. बाई दारातून म्हणाल्या, "अहो, उतरा आता." डॉक्टरांनी ते ऐकले. मला कळले, कारण ते माझ्या अस्तराला आणखी चिकटले. त्यांना उतरायचे नव्हते. आत गार होते, शांत होते, पाठ दुखत नव्हती आणि कुणी त्यांच्यापुढे तोंड उघडत नव्हते.

छत्रीवाला समोर आला. लोकरी टोपी काढून त्याने खिशात ठेवली. टाचा जुळवल्या, दुखऱ्या गुडघ्यामुळे त्या जुळायला वेळ लागला. मग तो थांबला. खोलीत कुणी हलले नाही. आणि डॉक्टरांच्या तोंडातून, पण डॉक्टरांच्या आवाजात नव्हे, शब्द आले, "पहारा ठीक."

कर्नलने डोळे मिटून घेतले.

छत्रीवाला स्पष्ट आवाजात म्हणाला, "पहारा माझ्याकडे. तू मोकळा."

मित्रांनो, इतकी वर्षे जे वजन माझ्यात साचून होते ते हलले. आधी अंग ताणल्यासारखे वाटले, मग ते खाली सरकले. खोलीतून कुणी बाहेर गेले नाही. पण जिन्यावर बुटांचा आवाज सगळ्यांनी ऐकला. वरून खाली, घाई नसलेल्या माणसाचा. मग खालच्या दाराची कडी निघाली आणि लागली. कर्नल खिडकीशी धावला. रस्त्यावर काहीच नव्हते. फक्त समोरच्या घराच्या पायरीवर पहुडलेला कुत्रा उठून उभा राहिला होता आणि रिकाम्या रस्त्यावर कुणाला तरी जाताना बघत त्याची मान हळूहळू वळत होती.

आता आत डॉक्टर एकटेच उरले. एकट्याला तिथे भीती वाटली असावी. ते उतरले. त्यांचे गुडघे वाकले, पोक परत आले आणि ते जमिनीवर बसून बाईंना म्हणाले, "खाली पेशंट थांबलाय का गं?"

"आज सुट्टी आहे," बाई म्हणाल्या आणि त्यांच्या शेजारीच बसून रडल्या.

छत्रीवाल्याने मला डोक्यावर चढवले नाही. काखेत धरले आणि विचारले, "मी रोज इथे येऊन बसलो तर चालेल का? पहारा माझ्याकडे आहे. सोडून जाता येणार नाही."

तो रोज सकाळी येऊ लागला. खिडकीजवळ बसून छत्र्या दुरुस्त करायचा आणि अधूनमधून माझ्याकडे बघायचा. बाई शाळेतून आल्या की चहा घेऊन वर येत. डोक्यांच्या खोलीत त्या आता बिचकत नसत. त्यांनी एके दिवशी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "मला शिकवा. उभं कसं राहायचं, कसं बोलायचं."

"कशाला बाई?"

"तुम्हाला संध्याकाळी घरी जाता यायला नको का?"

त्याने शिकवले. टाचा, खांदे, नजर. भूगोल शिकवणाऱ्या बाई रोज माझ्यासमोर संचलनाचे धडे गिरवत आणि तो काडीने जमिनीवर ठोकत म्हणायचा, "मान सरळ. फळ्याकडे बघताय का?" शेवटी एक दिवस तो म्हणाला, "आता तुम्ही शिपाई." तेव्हापासून संध्याकाळी बाई पहारा घेत आणि तो घरी जाई. सकाळी तो येई आणि परत घेई. डॉक्टर खाली दात बघत. त्यांनी मला पुन्हा कधी घातले नाही, पण आरशापाशी आले की त्यांची पावले जरा रेंगाळत.

थंडीत छत्रीवाला झोपेतच गेला. बाईंना कळले तेव्हा त्या वर आल्या. त्या रात्रीचा पहारा त्यांच्याकडे होता आणि तो घ्यायला आता कुणी येणार नव्हते. त्यांनी मला पुसायला उचलले आणि त्या थबकल्या. मी जड होतो. आतले वजन बुटके होते, जरा एका बाजूला कललेले, दुखरा गुडघा सांभाळून बसावे तसे. तो कामावर आला होता. घरी त्याचे कुणी नव्हते, मित्रांनो. जायचे तरी कुठे?

बाईंनी मला फळीवर ठेवले आणि त्या शाळेत गेल्या. संध्याकाळी परत आल्यावर त्यांनी टाचा जुळवल्या. "पहारा माझ्याकडे. तुम्ही मोकळे." मी हलका झालो. जिन्यावर लंगडी पावले वाजली. सकाळी मी पुन्हा जड होतो.

असे बरेच दिवस चालले आहे. बाईंचे केस आता पांढरे झाले आहेत. परवा डॉक्टरांनी त्यांना विचारले, "पहारा तुझ्याकडे असताना तुला काही झालं तर?"

"तर मी या टोपात असेन," बाई म्हणाल्या. "तुम्ही टाचा जुळवायला शिका."

"माझी पाठ सरळ होत नाही."

"वाकून म्हटलं तरी चालेल. पण म्हणा."

मित्रांनो, डॉक्टर अजून शिकलेले नाहीत. म्हणून मी हे तुम्हाला सांगतो. एक दिवस हे घर आवरले जाईल आणि मी कुणाच्या तरी हाती येईन, कदाचित तुमच्या. माझा तुरा धुळीपासून जपा, अस्तराला कसर लागू देऊ नका, मला उन्हात ठेवू नका. आणि गंमत म्हणून मला डोक्यावर चढवू नका. आधी दोन्ही हातांनी उचलून बघा. हलका लागलो तर खुशाल फळीवर ठेवा. जड लागलो, तर माझ्यासमोर शिपायासारखे टाचा जुळवून उभे राहा, पहारा मागून घ्या आणि आतल्याला मोकळे करा. फक्त तोंड उघडण्याआधी पक्का विचार करा. तो जिना उतरून गेला की पहारा तुमच्याकडे असतो.